लॅमिनेट केलेला ईसीजी

माझ्या हृदयाबद्दल पहिलं मत दिलं ते माझ्या दिराने, आणि तेही तोंडात वडा असताना.

"वयनी, गॅस होय तो," ते म्हणाले. "लाखोरीची डाळ बाधली. मी औषधाच्या लाइनीत होतो ना, मले मालूम आहे."

औषधाच्या लाइनीत म्हणजे आमचे भाऊजी गोंदियात औषधांच्या एका ठोक दुकानात काही महिने खोकी मोजायला होते. पुढे त्यांनी मोबाईलची कव्हरं विकली, आता प्लॉटची दलाली करतात. पण ती लाइन काही त्यांच्या अंगातून गेली नाही. घरात कोणाला शिंक आली तरी आधी गोळीचं नाव यांच्या तोंडातून बाहेर पडतं आणि मग शिंकणारा रुमाल शोधतो.

त्या दिवशी कामठ्याला आमच्या गावची मंडई होती. दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत एकेका गावची मंडई भरते आणि ज्या गावची मंडई, त्या गावात झाडून सगळे सोयरे उतरतात. पाळणे, दुकानं, दंडारीची नाचगाणी, रात्री नाटक. पाहुण्यांना मजा असते. घरच्या बाईने सकाळपासून कढईसमोर उभं राहायचं असतं आणि वर "या ना बापा, बसा ना" असं हसून म्हणायचं असतं. मी तेच करत होते.

छातीत दुखत होतं असं म्हणता येणार नाही. सिनेमात माणूस छाती धरून कोसळतो, तसलं काही नव्हतं. तांदळाचा कट्टा, भरलेलं पोतं, छातीवर ठेवल्यासारखं जड वाटत होतं. जबडा दुखत होता, दाढ आल्यासारखा. आणि घाम. कढईच्या धगीचा घाम मला ठाऊक आहे, हा तो नव्हता, हा थंड होता.

मी तसं सांगितलं. मग काय विचारता! एकीने ओवा दिला, दुसरीने सोडा दिला, माझ्या चुलत सासूबाईंनी नाभीत हिंग भरला. एक पाहुणे, ज्यांना मी आजही नीटसं ओळखत नाही, म्हणाले की बाईमाणसाला हार्टचं नसतं, बाईमाणसाला टेन्शनचं असतं. एवढी विद्वत्ता माझ्या अंगणात जमली होती, पण माझ्या हातातला झारा घ्यायचं काही कोणाला सुचलं नाही. मी लाखोरीचे वडे तळत राहिले. सगळ्यांनी खाल्ले. चांगले झाले म्हणाले.

तारा

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या किराणा दुकानाचं शटर वर करताना कट्टा परत छातीवर येऊन बसला. या खेपेस त्याने डावा हातही धरला. माझ्या यजमानांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, शटर खाली ओढलं आणि मोटारसायकल काढली.

यांच्याबद्दल आधीच सांगून ठेवते. हे बोलत नाहीत. मुके नाहीत, दुकानात गिऱ्हाइकाला भाव सांगतात, धानाच्या बांधीत बैलांशीही बोलतात. पण घरात यांच्या तोंडून वाक्य निघायला उन्हाळा-पावसाळा जावा लागतो. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी मला कळलं नव्हतं की आत काही चाललेलं असतं की नुसतीच शांतता असते. त्या सकाळी माझं मत नुसत्या शांततेच्या बाजूचं होतं.

गोंदियाच्या डॉक्टरांनी लगेच ईसीजी काढायला सांगितला. बायांसाठी इथे एक गोष्ट लिहिते, कारण कोणी लिहीत नाही. छातीवर सहा ठिकाणी त्या वाट्या चिकटवतात, त्यांच्या जागा ठरलेल्या असतात, आणि त्यासाठी ब्लाउज काढावा लागतो. माझा ईसीजी काढणारा पोरगा लाजून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होता आणि हाताला लागेल तिथे वाटी डकवत होता. कॅलेंडरचा ईसीजी चांगला आला असता. मी म्हटलं, "भाऊ, इकडे पाहा, नाहीतर बाईले बोलवा." मग नर्सबाई आल्या, पडदा ओढला आणि परत काढला. लाज वाटते, मान्य आहे. पण चुकीच्या जागी लावलेल्या तारेचं चित्रही चुकीचंच येतं. लाज घरी ठेवून जा.

डॉक्टरांनी पट्टी पाहिली. त्यांचा चेहरा वाचायला कुठलं शिक्षण लागत नव्हतं.

"पुराना ईसीजी है क्या?" त्यांनी विचारलं. "कुछ भी, कभी का भी?"

होता! माझी मान ताठ झाली. तीन वर्षांपूर्वी पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, तेव्हा आधी ईसीजी काढला होता. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की तुमच्या हृदयाच्या वायरिंगमध्ये थोडा ब्लॉक दिसतो, घाबरू नका, पण हा कागद सांभाळून ठेवा, पुढे कामी येईल.

"कौनसा ब्लॉक? लेफ्ट या राइट?"

ते मला कुठून माहीत? पण कागद होता. यांनी तो खास गोंदियाला नेऊन लॅमिनेट करून आणला होता. सातबारा, माझी बारावीची मार्कशीट आणि हा ईसीजी असं सगळं यांनीच पेटीत एकत्र ठेवलं होतं. तसं मी डॉक्टरांना तोऱ्यात सांगितलं.

"बस, वही लाओ. जल्दी," डॉक्टर म्हणाले. हा ब्लॉक जुना असेल तर गोष्ट वेगळी, पण नवा असेल तर झटकाच समजायचा आणि तडक नागपूरला पाठवायचं, असं त्यांनी समजावून सांगितलं. मला गोळ्या चघळायला दिल्या, हातात सुई खुपसली. हे मोटारसायकल घेऊन कामठ्याला गेले. जाताना एक अक्षर बोलले नाहीत. मला त्यात नवल वाटलं नाही.

पेटीतली वस्तू

हे परत येईपर्यंत मी छताच्या पंख्याकडे बघत पडले होते आणि मला भीती वाटत होती. उगाच शूरपणा सांगत नाही. पाय गार पडले होते. दुकानात तेलाचा डबा उघडा राहिला का, असले विचार येत होते, आणि त्याच्यामागे दुसरा एक विचार उभा होता, त्याच्याकडे मी बघत नव्हते. तेवढ्यात भाऊजी आले. कोणी कळवलं देव जाणे. येताच नर्सबाईंना म्हणाले, "गॅसची गोळी दिली का?"

मग हे आले. शर्टाच्या आतून, घामाने चिकटलेला, प्लास्टिकमधला कागद काढला आणि डॉक्टरांच्या हातात दिला.

तो काळा होता. कडेपासून कडेपर्यंत, तव्याच्या बुडासारखा काळा. रेघ नाही, चौकट नाही, माझं नावसुद्धा नाही.

डॉक्टरांनी तो उलटा केला. सुलटा केला. खिडकीशी धरला. मग यांच्याकडे पाहिलं.

"ये क्या है?"

"ईसीजी," हे म्हणाले.

तेव्हा मला कळलं ते तुम्हालाही सांगते. ईसीजीचा कागद शाईने छापत नाहीत. तो कागदच उष्णतेवर चालतो, मशीनची गरम टोकं जिथे टेकतात तिथे काळी रेघ उमटते. लॅमिनेशनच्या गरम रुळांतून तो काढला की सगळाच कागद काळा. आमच्याकडे महत्त्वाचा कागद म्हटला की लॅमिनेशन, याच्या पलीकडे कोणाची अक्कल जात नाही. जन्माचा दाखला लॅमिनेट, मार्कशीट लॅमिनेट. माणसाला त्या मशीनमध्ये घालता येत नाही म्हणून, नाहीतर म्हाताऱ्यांनाही लॅमिनेट करून ठेवतील.

"काळा झाला हे तुमाले तवाच दिसलं ना?" मी पलंगावरून विचारलं.

"हो."

"मंग सांगितलं काऊन नाही? आता येवढ्या लंब कायले गेले आणाले?"

हे माझ्याकडे न बघता डॉक्टरांना म्हणाले, "मले वाटलं, एक्स-रे बी काळाच रायते. आमाले नाही दिसत, पण डॉक्टर लोकायले दिसते. तसं असन."

मग भाऊजी हसले. मोठ्याने, मांडीवर थाप मारून. त्यांच्यामुळे नर्सबाई हसल्या, ईसीजी काढणारा पोरगा हसला. आणि मी, हातात सुई, छातीवर कट्टा, सगळ्यांसमोर यांना म्हणाले, "देवानं तुमाले डोक्स काऊन देलं वो? टोपी ठेवाले?"

हे खाली बघत उभे राहिले. डॉक्टरांनी तो काळा कागद माझ्या पायाशी ठेवला आणि नागपूरला फोन लावला. जुनं चित्र नाही, तेव्हा हा ब्लॉक नवाच धरायचा, असं त्यांनी ठरवलं.

नागपूर

अॅम्ब्युलन्समध्ये पुढे भाऊजी बसले, कारण रस्ता त्यांना माहीत होता. ड्रायव्हरला माहीत नसावा असं त्यांचं मत होतं. मागे माझ्याजवळ हे. नागपूर येईपर्यंत यांनी माझा पाय धरून ठेवला होता. हात नाही, पाय. हाताला सलाइन होतं म्हणून असेल. मला वाटलं होतं की मी मरणार, आणि ते मी यांना सांगितलंसुद्धा. हे म्हणाले, "नाही." एवढंच. रागही आला आणि बरंही वाटलं.

नागपुरात मनगटातून तार घालून तपासलं. हृदयाची एक मोठी नळी जवळजवळ बंद होती. तिथेच स्टेंट टाकला. गॅस निघाला नाही. हे मी भाऊजींना आवर्जून कळवलं. ते म्हणाले की गॅसमुळेही नळीवर दाब येतो.

आयसीयूमध्ये दिवस आणि रात्र वेगळी नसते. मशीन टुंई टुंई करतं आणि शेजारची बाई मुलीला सुनेविरुद्ध भरवत असते. पहाटे रक्त काढायला येतात. त्या वेळेलाच का, हे मी विचारलं तर सिस्टर म्हणाली, राउंड असतो. डॉक्टरांचा राउंड म्हणजे सात-आठ जण येऊन माझ्याबद्दल माझ्यासमोर इंग्रजीत बोलणार, आणि निघताना मला विचारणार, "काय मावशी, बरं आहे ना?" बरं असतं तर तिथे कशाला झोपले असते?

वॉर्डात हलवल्यावर भेटायला येणारे सुरू झाले. मंडईला आलेलेच सगळे, आता हातात बिस्किटांचे पुडे घेऊन. मला मैदा बंद. ते पुडे त्यांनीच फोडले आणि खाल्ले. प्रत्येकाच्या ओळखीतला कोणीतरी असाच होता आणि तो बहुतेक वारला होता. आणि प्रत्येक वेळी भाऊजी लॅमिनेशनची गोष्ट सांगायचे. "आमच्या दादाले वाटलं का एक्स-रे होय!" पाहुणे पोट धरून हसायचे. हे पलंगाच्या पायथ्याशी स्टुलावर बसून मोसंबी सोलत राहायचे. मीही हसले. एकदा नाही, बऱ्याचदा हसले. तेव्हा मला ते खरंच हसण्यासारखं वाटत होतं.

धुऱ्यावरून

वॉर्डात कंटाळून मी एका तरुण डॉक्टरीणबाईंच्या मागे लागले की तुम्ही त्या पट्टीत काय बघता ते मला सांगा. आधी त्या म्हणाल्या, तुम्ही कशाला ताण घेता. मी म्हटलं, ताण न कळण्याचा आहे. मग सांगितलं बिचारीने. हुशार होती, पण ज्याला त्याला "समजलं?" विचारायची खोड होती.

मी तिच्याकडून जे शिकले ते असं. आधी एक लहान उंचवटा, मग एक उभी काडी, मग एक मोठा गोल उंचवटा. हा हृदयाचा एक ठोका. लहान उंचवटा म्हणजे वरच्या कप्प्यांत वीज पोचली, काडी म्हणजे खालच्या मोठ्या कप्प्यांत पोचली, शेवटचा उंचवटा म्हणजे ते पुढच्या ठोक्यासाठी तयार होत आहेत. कागदावर चौकटी असतात. दोन काड्यांच्या मधल्या मोठ्या चौकटी मोजा आणि तीनशेला त्या संख्येने भागा, मिनिटाचे ठोके मिळतात. ठोका एकसारखा पडत असेल तर. चार चौकटी असतील तर पंचाहत्तर. एवढं गणित किराणावालीला जमतं.

आणि एका कागदावर बारा चित्रं का? हृदय एकच आहे, पण बघण्याच्या जागा बारा. एकाच बांधीकडे निरनिराळ्या धुऱ्यांवर, तिच्या कडेच्या बांधांवर, उभं राहून पाहिलं की कुठल्या कोपऱ्यात पाणी नाही ते कळतं. एका धुऱ्यावरून नाही कळत.

माझी काडी रुंद होती. निरोगी माणसाची बारीक असते, अडीच-तीन लहान चौकटींत संपते. माझी बसकी आणि माथ्यावर फाटलेली. माझ्या डाव्या बांधीचा पाट बुजला आहे, म्हणून तिकडची वीज उजव्या बांधीतून झिरपत, उशिरा पोचते. यालाच ब्लॉक म्हणतात. पाणीच वाकड्या वाटेने येत असेल तर बांधाला खेकड्याने भोक पाडलं आहे का, म्हणजे झटका आला आहे का, ते वरून बघून कळत नाही. म्हणूनच जुनं चित्र लागतं.

अजून एक. पट्टीच्या माथ्यावर मशीन इंग्रजीत स्वतःचं मत छापतं. ते वाचून घरचे लोक एकतर रडतात किंवा पेढे आणतात. दोन्ही करू नका. मशीनचं मत म्हणजे आमच्या भाऊजींचं मत. ऐकून घ्यायचं आणि डॉक्टरकडे जायचं.

कागद मिळाला की मोबाईलमध्ये फोटो काढा आणि झेरॉक्स करून ठेवा. मूळ कागद नुसता ठेवला तरी वर्षा-दोन वर्षांत फिका पडतो. लॅमिनेशनबद्दल आणखी काही लिहायची गरज नाही.

यंदाची मंडई

घरी आल्यावर हे आणखी गप्प झाले. आधी उन्हाळा-पावसाळा लागायचा, आता तेही नाही. दुकानात एक गिऱ्हाईक लॅमिनेशनवरून बोललं, तर हे तेलाचा हिशेब अर्धा सोडून मागे गोदामात गेले. मी पाहिलं आणि उरलेला हिशेब पुरा केला.

यंदाच्या मंडईच्या दोन दिवस आधी गोंदियाला तपासणी होती. त्याच डॉक्टरांकडे. यांना मी औषधं आणायला पाठवलं होतं. ईसीजी काढला, आणि डॉक्टरांच्या आधी मीच बघितला. तीच रुंद काडी, तसाच फाटका माथा.

"मंग हा ब्लॉक जुनाच होता ना, डॉक्टर?"

"लगता तो यही है," ते म्हणाले. "पुरानाही होगा."

"आणि तवा तो कागद तुमाले साफ दिसला असता तर?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. त्यांच्या बाजूने एवढं मात्र लिहीन की ते खोटं बोलले नाहीत.

"सच बोलूँ? दोनों एक जैसे दिखते. मैं बोलता, पुराना है, कुछ नया नहीं. ऊपर से सुबह की भीड़. शायद दो गोली देके घर भेज देता."

घरी. शटर वर करायला.

बाहेर हे मोटारसायकलजवळ पिशवी धरून उभे होते. रस्ताभर सांगू-सांगू केलं, पण मागे बसून, वाऱ्यात, ओरडून सांगायची ही गोष्ट नव्हती. आणि नुसतं यांना सांगून ती पुरी होणार नव्हती, कारण हसले सगळे होते.

मंडईच्या दिवशी अंगण भरलं. मला कढईजवळ उभं राहायला मनाई आहे, तरी मी उभी होते, कारण कोणाला आठवण नव्हती. भाऊजींनी वडा तोंडात घातला आणि एका नव्या जावयाला गोष्ट सांगायला घेतली. काळा कागद, खिडकी, एक्स-रे. लोक हसायला लागले. हे पाण्याचा गुंड घेऊन चालले होते, ते जागच्या जागी थांबले.

"भाऊजी," मी म्हटलं, "पुरी गोष्ट सांगा ना. तुमी गॅस म्हटलं, मी आयकलं. डॉक्टरले कागद साफ दिसला असता तर त्यानं बी मले घरी पाठवलं असतं. तो परवा आपल्या तोंडानं बोलला. सगळ्या हुशार लोकायनं मिळून मले घरीच पाठवलं असतं आणि तेराव्याले असेच वडे खाल्ले असते. कागद काळा होता म्हणून मी नागपूरले गेली. हासा आता."

भाऊजींना तोंडातला वडा गिळायला बराच वेळ लागला.

हे माझ्याकडे बघत होते. मी माफी मागितली नाही, आमच्यात तशी पद्धत नाही. ते बघत राहिले, तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की या माणसाच्या आत नुसती शांतता नाही. मग यांनी गुंड खाली ठेवला, चुलीशी आले आणि माझ्या हातातला झारा काढून घेतला.

"वडे करपून राहिले," हे म्हणाले. "तू बस."